ऑफिसचा सर्व्हर घरून वापरायचा आहे, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडला तर चालेल का?

नको, कृपया उघडू नका. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक असलेलं दार. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे विंडोज कॉम्प्युटर दुरून वापरण्याच्या सोयीचा, ठरलेला पोर्ट आहे आणि इंटरनेटवर तो शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र पासवर्ड आजमावत असतात. २०१९ मध्ये सापडलेल्या 'ब्लूकीप' त्रुटीत तर जुन्या विंडोजवर पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदलूनही फारसा फरक पडत नाही, स्कॅनरला तोही सापडतो.

त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, लावा. मी वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर सुचवेन. राउटरवर फक्त एक यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत) पोर्ट उघडावा लागतो, सहसा ५१८२०, आणि योग्य की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून तिथे काही आहे हेही कळत नाही. प्रत्येक लॅपटॉपला वेगळी की द्या. एकच की सगळ्यांना वाटली, तर एखादा लॅपटॉप हरवल्यावर सगळ्यांचंच कनेक्शन नव्याने करावं लागेल. फायरवॉलमध्ये व्हीपीएनवाल्यांना फक्त त्या सर्व्हरपर्यंतच जाऊ द्या, अख्ख्या नेटवर्कवर नको.

सर्व्हरच्या लॉगिनला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा, हवंच. ऑफिसच्या कनेक्शनला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा पत्ता) मिळत नसेल, तर टेलस्केल ही वायरगार्डवरच चालणारी व्हीपीएन सेवा वापरा, त्यात पोर्ट उघडावाच लागत नाही.