डिपॉझिट अडकलंय, खोली सोडायची का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, बायको दोन घरी स्वयंपाक करते. दोघांचे मिळून महिन्याला 22,000 येतात. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या खोलीचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार या महिनाअखेर संपतो. भाडं 6,000, डिपॉझिट 30,000. मालकांना खोली परत हवी आहे, डिपॉझिट मात्र ‘सावकाश देतो’ म्हणतात. नव्या ठिकाणी 40,000 मागतात. पैसे हातात पडेपर्यंत खोली सोडू नको, असं मित्र सांगतात. करार फक्त नोटरीचा आहे. मुलगी चौथीत आहे.

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागू शकतं. महिन्याला 12,000 म्हणजे अडीच महिन्यांत तुमचं डिपॉझिट साफ.

त्यापेक्षा या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगा. उरलेले 24,000 कोणत्या तारखेला देणार, ते मालकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. खोली सोडताना लाइट बिल भरा, मीटरच्या आकड्याचा आणि रिकाम्या खोलीचा फोटो काढा, चावी दिल्याची सही घ्या. बहुतेक वाद रंगाच्या पैशांवरून होतात. करारात रंगाचं कलम नसेल तर ती कपात मान्य करू नका.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. त्याच कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. भांडणात तोंडावर फेकायची ही गोष्ट नाही, पण बोलणी अडली की आठवण करून द्यायला हरकत नाही. तरीही पैसे आले नाहीत, तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तुमचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत आहे, वकील मोफत मिळतो.

नवा करार नोंदवूनच घ्या. समजा भाडं 7,000 आणि डिपॉझिट 40,000. अकरा महिन्यांचं भाडं 77,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून होणारं व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक. म्हणजे सुमारे 200 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटाचे वेगळे, ते आधी ठरवा.

डिपॉझिट कमी करून भाडं चार-पाचशे जास्त द्यायची तयारी दाखवा. एकरकमी जमवण्यासाठी सावकाराकडे जाण्यापेक्षा ते परवडतं. गावाबाहेरच्या खोलीचं भाडं 1,500 नी कमी दिसलं तरी पेट्रोल मोजा. रोज 22 किलोमीटर वाढले, तर 45 च्या अ‍ॅव्हरेजनं 26 दिवसांत जवळपास 13 लिटर लागतं. वाचलेलं बहुतेक तिथेच जातं.

मुलीची शाळा बदलावी लागली आणि दाखला यायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क कायद्यानं नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

बापट कॅम्प, सुतारवाडा अशा नदीकडच्या भागात स्वस्त खोली मिळाली, तर शेजाऱ्यांना विचारा, 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं. भिंतीचे पोपडे एकाच उंचीपर्यंत असतील आणि लाइटचा बोर्ड उगाच वर बसवलेला दिसला, तर उत्तर भिंतीवरच आहे.