रंधा मशीनच्या ब्लॉकमधला (पाती बसवतात तो फिरता भाग) ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खोबण असलेला बोल्ट, घासला गेलाय. ॲलन की आत नुसतीच फिरते. कसा काढू?

आधी मशीनची विजेची पिन सॉकेटमधून काढा, नुसत्या बटणावर भरवसा नको. पात्याच्या धारेवर लाकडाची पट्टी बांधा.

८ मिमीच्या बोल्टला ६ ची की लागते. ती फिरते म्हणजे बोल्ट गेलाच असं नाही. माझ्याकडे दोनदा खोबणीत भुसा आणि चीक दडपून बसला होता, की जेमतेम अर्धी आत जात होती. दाभणाने कोरून काढला, नवी की ठोकून बसवली आणि बोल्ट सुटला. कीचं टोक झिजलं असेल तर तेवढं ग्राइंडरवर सपाट करून घ्या.

तरीही नाही सुटला तर गंजात झिरपणारं तेल सोडून रात्रभर ठेवा (डब्ल्यूडी-४० चालेल, खोबरेल नको!). सकाळी डोक्यावर पंच ठेवून चार-पाच ठोके द्या. मग किंचित मोठा टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा) हातोडीने खोबणीत ठोकून बसवा आणि टी-हँडलने हळूहळू सोडवा. गॅसची ज्योत मात्र लावू नका. आजूबाजूला भुसा असतो आणि पात्याचं पाणीही, म्हणजे कडकपणा, उतरतं.

ईझी-आउट (अडकलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) अगदी शेवटी. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही, मग ब्लॉक उचलून वर्कशॉप गाठावं लागतं. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत नवा बोल्ट घ्यायला जाल तेव्हा जुना सोबत न्या आणि डोक्यावरचा ग्रेड (मजबुतीचा आकडा), ८.८ किंवा १२.९, तोच मागा.