दोन सनांचे लुगर आणि व्हर्सायची '९ मिमी बंदी'

तुमचे प्रश्न तीन दिसतात. एका फोटोतल्या लुगरवर, म्हणजे जर्मन लष्करी पिस्तुलावर, १९१७ आणि १९२० असे दोन सन का आहेत? पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये झालेल्या व्हर्सायच्या तहाने जर्मनांना ९ मिमी पिस्तूल बंद केले होते, तर ते पोलिसांकडे कसे? आणि एमपी १८ सबमशीनगनवर (पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी बंदूक) बंदी होती, तरी १९२० च्या दशकातल्या फोटोंत बर्लिनच्या पोलिसांच्या हातात ती कशी दिसते?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात जे गृहीत धरलेय तेच चुकीचे आहे. दोष तुमचा नाही, निम्म्या पुस्तकांत तसेच छापलेले असते. मीही बरीच वर्षे तेच सांगत होतो. एकदा कंटाळून मूळ तहाचा पाचवा भाग वाचायला घेतला. कलम १५९ पासून २१३ पर्यंत सगळे लष्करी निर्बंध आहेत, पण त्यात '९ मिमी' नाही, पिस्तुलाच्या नळीची लांबी नाही आणि एमपी १८ चे नावही नाही.

रणगाडे, विषारी वायू, पाणबुड्या यांवर तहात नाव घेऊन बंदी आहे. लहान हत्यारांचा मामला मात्र रेशनकार्डासारखा आहे. सैन्य १ लाखाचे, त्यात अधिकारी जास्तीत जास्त ४,०००. त्या सैन्यासाठी ८४,००० रायफली, १८,००० कार्बाइन, ७९२ जड आणि १,१३४ हलक्या मशीनगन. दर रायफलीमागे ४०० गोळ्या, दर मशीनगनमागे ८,०००. यापलीकडचे सगळे जमा करायचे किंवा मोडीत काढायचे. तक्त्यात मशीन पिस्तुलाची, म्हणजे एमपी १८ सारख्या सबमशीनगनची, ओळच नाही, त्यामुळे लष्कराला ते मिळायचा प्रश्न नव्हता. गंमत म्हणजे साध्या पिस्तुलाचीही ओळ नाही. तरी सैन्यात लुगर, म्हणजे पी०८, राहिलेच, आणि तेही ९ मिमीचेच.

म्हणजे जिथे तह गप्प होता तिथे अर्थ लावायचे काम दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण आयोगाकडे गेले. त्याचे प्रमुख फ्रान्सचे जनरल शार्ल नोले, जे पुढे १९२४ मध्ये फ्रान्सचे युद्धमंत्री झाले. आयोगाची माणसे कारखाने आणि कोठारे तपासत फिरायची. खुल्या बाजारात विकायचे पिस्तूल 'युद्धसाहित्य' ठरू नये म्हणून कारखानदारांनी कॅलिबर (नळीचा आतला व्यास) ९ मिमीच्या खाली आणि नळी १०० मिमीच्या आत ठेवली. बाजारातले लुगर ७.६५ मिमीचे, ९८ मिमी नळीचे झाले. माउझरचे 'बोलो' पिस्तूल ७.६३ मिमीचे, नळी ९९ मिमी. हा मिलिमीटरचा हिशेब पाहिला की मला हसू येते. पण तो खासगी विक्रीसाठी होता. सैन्य आणि पोलिस त्यात येत नाहीत.

(आपल्याकडचा शस्त्र कायदा माहीत असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. नागरिकाला ९ मिमी पॅराबेलम (लष्करी लुगरचीच गोळी) मिळत नाही, पॉइंट ३२ मिळते. आणि आपले पॉइंट ३२ पिस्तूल ज्या काडतुसाचे, तेच युरोपात ७.६५ ब्राउनिंग म्हणून ओळखले जाते. १९२९ चे वॉल्थर पीपी त्याच गोळीचे. तेही व्हर्सायमुळे छोटे झाले असे लोक म्हणतात, पण ७.६५ ही गोळी युरोपातल्या पोलिसांत आधीपासूनच रुळलेली होती.)

आता पोलिस. खरी खेचाखेची इथे आहे. कलम १६२ प्रमाणे पोलिसांची संख्या १९१३ च्या पातळीवर ठेवायची, लोकसंख्या वाढेल तेवढीच वाढ. पण १९१९ मध्ये जर्मन सरकारने हिरव्या गणवेशातले, बराकीत राहणारे सुरक्षा पोलिस दल उभे केले. दोस्तांना त्यात वेष बदललेले सैन्य दिसले, आणि ते फार चुकीचे नव्हते. जून १९२० मध्ये बुलोन इथून फर्मान निघाले: हे दल बरखास्त करा. मात्र त्याच फर्मानात एकूण पोलिस दीड लाखापर्यंत नेण्याची सवलतही दिली. मार्चमध्येच काप्पचे बंड (उजव्यांचा सत्ता बळकावण्याचा प्रयत्न) आणि रूर भागातला डाव्या कामगारांचा उठाव होऊन गेला होता. जर्मनीत क्रांती झालेली दोस्तांनाही नको होती. मग तीच माणसे 'शुट्झपोलिझाय' या नव्या नावाखाली बरीचशी परत आली.

या पोलिसांना हत्यारेही मापून मिळाली. तीन माणसांमागे एक रायफल, वीस माणसांमागे एक मशीन पिस्तूल, आणि हजार पोलिसांमागे एक या हिशेबाने एकूण १५० चिलखती गाड्या. बर्लिनच्या फोटोतली एमपी १८ त्या विसात एकमधली. लष्कराला जे मिळत नव्हते ते पोलिसांना रीतसर मिळाले होते. आणि ती चालते ९ मिमी पॅराबेलमवरच, म्हणजे '९ मिमी बंदी' तिथेच निकालात निघते.

पळवाटा किती होत्या यावर वेगळे लिहावे लागेल, म्हणून थोडक्यात. एमपी १८ चा परवाना घेऊन स्वित्झर्लंडच्या एसआयजीने १९२० पासून ती बनवली. ऱ्हाइनमेटालने १९२९ मध्ये झोलोथुर्नचा स्विस कारखाना ताब्यात घेतला. जर्मनीत लष्करासाठी लहान हत्यारे बनवायची अधिकृत परवानगी झूल गावच्या सिमसन कंपनीकडे होती. मालक ज्यू कुटुंब. नाझींनी पुढे तो कारखाना बळकावला आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. व्हर्सायच्या चर्चेत हे क्वचितच कोणी सांगते.

आता तुमचे लुगर. ऑगस्ट १९२० मध्ये जर्मनीत नागरिकांकडची लष्करी हत्यारे जमा करण्याचा कायदा झाला. हत्यार आणून देणाऱ्याला पैसे मिळत. पैसे म्हटल्यावर सरकारी कोठारातलीच हत्यारे मागच्या दाराने 'जमा' व्हायला किती वेळ लागतो? म्हणून लष्कर आणि पोलिसांकडच्या हत्यारांवर '१९२०' चा ठसा मारला. त्याचा अर्थ एवढाच की हे हत्यार सरकारचे आहे. तुमचे पिस्तूल १९१७ मध्ये बनले, युद्धातून वाचले आणि १९२० मध्ये सरकारी मालमत्ता म्हणून नोंदले गेले. १९२० हे त्याचे उत्पादनवर्ष नव्हे. विकणारे कधीकधी तसे सांगतात.

ते सैन्याचे की पोलिसांचे, हे नुसत्या ठशावरून सांगता येत नाही. डाव्या बाजूला, मुठीच्या वर, सिअरवर (घोडा दाबल्यावर सुटणाऱ्या खटक्यावर) बसवलेली छोटी जादा सेफ्टी दिसते का बघा. १९३२-३३ च्या सुमाराला ती पोलिसांच्या लुगरांवर बसवली गेली. ती असेल तर बहुधा पोलिसांचे. दुसरी खूण म्हणजे मुठीच्या पुढच्या पट्टीवर कोरलेली दलाची अक्षरे. तुमच्या फोटोत ती बाजू आलेली नाही. दुसरा फोटो असेल तर टाका, अक्षरे वाचता येतात का बघू.