मंडळाच्या ढालीवर विसरलेल्या संस्थापकाचं नाव ठेवावं का?

तुम्ही विचारलंय, मंडळाच्या वार्षिक ढालीवर ज्या संस्थापकाचं नाव आहे त्याला आज कुणी ओळखत नाही, तर ते काढून एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचं द्यावं का? माझं मत, देऊ नका. निदान तो माणूस कोण होता हे शोधल्याशिवाय तर नाहीच.

'कुणी ओळखत नाही' हे कारणच मला लंगडं वाटतं. 'तो रणजी खेळलाय' असं आपण सर्रास म्हणतो. रणजितसिंहजी कसोट्या इंग्लंडकडून खेळले आणि १९३४ साली ही स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्याच वर्षी वारले, हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? ड्युरँड चषक १८८८ पासूनचा. ज्याच्या नावाचा तो, त्याच साहेबाच्या नावानं अफगाणिस्तानची सीमारेषाही ओळखली जाते. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचं त्यावाचून काही अडत नाही.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३, म्हणजे सभांवर बंधनं घालणारं निजाम सरकारचं परिपत्रक, आडवं यायचं, आखाड्यांवरही सरकारची नजर. अशा दिवसांत तालीम किंवा वाचनालय काढणारा माणूस नुसता हौशी नसायचा.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या कबड्डी मंडळात हाच वाद झाला होता. मी तेव्हा चिटणीस. खरं सांगतो, नाव बदलायच्या बाजूनं मीच जास्त बोललो होतो. एका पुढाऱ्यानं नवी चकचकीत ढाल देऊ केली होती, अट एकच, वडिलांचं नाव. जुनी ढाल कपाटातून काढली तर मागं विजेत्यांच्या पितळी पट्ट्या, त्यातल्या निम्म्या काळ्या पडलेल्या. त्याच कपाटात तळाशी उर्दूतला एक कागद सापडला. निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दाखवला. आखाड्याच्या परवानगीसाठी आमच्या संस्थापकानं केलेला अर्ज होता तो. खाली शेरा, 'नामंजूर'. म्हणजे मंडळ आधी सुरू झालं ते विनापरवाना! बैठकीत कुणी काही बोललंच नाही. पुढाऱ्याची ढाल आम्ही उत्कृष्ट पकडीसाठी घेतली. पुढारी थोडे नाराज झाले, पण ढाल दिली.

एक अपवाद मी मानतो. पुष्कळदा 'संस्थापक' म्हणून ज्याचं नाव असतं तो खरं तर नुसता देणगीदार असतो. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी पाच हजारांची ठेव ठेवली, तेव्हा व्याजात पदक यायचं. आज सात टक्क्यांनी वर्षाचे साडेतीनशे येतात, त्यात हारसुद्धा धड येत नाही. अशा वेळी घरच्यांना गाठा, ठेव वाढवतात का विचारा. नाहीच म्हणाले तर दोन बक्षिसं एकत्र करून दोन्ही नावं ठेवा. मात्र मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल आणि ठेव ठराविक हेतूनं दिलेली असेल, तर परस्पर ठराव करून मोकळं होऊ नका, धर्मादायची कामं करणाऱ्या वकिलाला आधी विचारा.

आमच्याकडं आता बक्षीस देण्याआधी चिटणीस त्या अर्जाचा मराठी तर्जुमा वाचतो. दोन मिनिटं लागतात. 'नामंजूर' आलं की मागची पोरं शिट्ट्या मारतात.