मुंबईवर बॉम्ब, आणि मुलगा शांत

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून तो रात्री संगणकावर ‘डेफकॉन’ नावाचा खेळ खेळतो. काळ्या पडद्यावर जगाचा निळसर नकाशा आणि त्यावर सरकणाऱ्या बारीक रेघा, एवढंच. माणसं दिसत नाहीत, रक्त दिसत नाही. परवा चहा द्यायला गेले तर पडद्यावर मुंबईचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. मी विचारलं, तर म्हणाला, “अगं, मीच टाकला.” चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मारामारीचे खेळ मी पाहिलेत, पण याची मला जास्त भीती वाटली. बंद करायला लावू का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, एवढ्यात नका लावू. या खेळाशी माझा जुना हिशेब आहे, तो आधी सांगते.

२००८ साली मी हिंजवडीत रात्रपाळी करायचे. फोन कमी यायचे आणि आम्ही सहा जण जागे. डेफकॉनही सहा जणांचाच. इंट्रोव्हर्जन नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने तो २००६ साली काढला. उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरोप, रशिया, आफ्रिका, आशिया, असे जगाचे सहा वाटे. प्रत्येकाची लोकसंख्या सारखीच, १० कोटी. (२०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची ११ कोटींच्या वर होती. म्हणजे खेळातला अख्खा आशिया आपल्यापेक्षा लहान!) मला आशिया मिळाला, कारण तो कुणालाच नको होता.

खेळ पाचव्या पातळीपासून पहिलीपर्यंत उतरतो. आधी रडार, विमानतळ, क्षेपणास्त्रांचे तळ मांडायचे, आरमार समुद्रात सोडायचं. मग चकमकी. पहिली पातळी आली की अण्वस्त्रं खुली. खरी मेख तळांमध्ये आहे. तोच तळ येणारी क्षेपणास्त्रं पाडतो आणि तोच आपली सोडतो, पण दोन्ही एका वेळी नाही. आपली सोडायला घेतली की डोक्यावरचं छप्पर गेलं, आणि तळ कुठे आहे हे सगळ्या जगाला दिसलं. म्हणून जो तो दुसऱ्याने आधी सोडायची वाट बघतो.

युरोप माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडे होता. आमची युती होती. त्याच्या पाणबुड्या अरबी समुद्रात येऊन बसलेल्या मला दिसत होत्या, आणि मी समजले, राखण करताहेत! पहाटे साडेचारला मी रशियावर सोडायला सगळे तळ उघडले. त्याने युती मोडली. मुंबई, दिल्ली, कोलकाता. एकेक पांढरा ठिपका फुलला आणि विझला. माझी आई तेव्हा डोंबिवलीच्या घरी झोपलेली होती. खरं सांगू? मला मुंबईचं काहीच वाटलं नाही. मला त्या मित्राचा राग आला. आठवडाभर मी त्याच्याबरोबर चहाला गेले नाही.

तेव्हा तुमच्या मुलाचा कोरा चेहरा मी ओळखते. तो निर्ढावलाय असं मला वाटत नाही. खेळ रचलाच तसा आहे. १९८३च्या ‘वॉरगेम्स’ या सिनेमातल्या भल्यामोठ्या पडद्यांवरून त्याचं रूप घेतलंय. जमिनीखाली बसलेल्या अधिकाऱ्याला युद्ध जसं दिसेल तसंच ते दाखवायचं, नकाशा आणि आकडे. गुणांची पद्धतही पाहा. नेहमीच्या डावात समोरचे दहा लाख मेले की २ गुण, आपले दहा लाख गेले की १ गुण वजा. म्हणजे दोघांची सारखीच राखरांगोळी झाली तरी दोघेही ‘फायद्यात’. हा हिशेब बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून तसा ठेवला असावा, असं माझं मत. मुलाला एवढंच विचारा : तू कुठल्या पद्धतीने गुण मोजतोस? ‘सर्व्हायव्हर’ नावाची आणखी एक पद्धत आहे, तिच्यात आपली किती माणसं वाचली ते मोजतात. ती लावली की हाच खेळ वेगळा होतो, माणूस तळ उघडायला कचरतो. आणि एकदा त्याचा हेडफोन तुम्ही कानाला लावा. संथ संगीताच्या मागे कुणीतरी खोकतंय, मुसमुसतंय असं ऐकू येतं. मला ते कित्येक डावांनंतर कळलं. आमच्या ऑफिसात आवाज बंदच असायचा ना.

आता एक खरी गोष्ट, त्याच्याशी बोलायला उपयोगी पडेल. आधी त्याला विचारा, पहिला वार तुला करायचा झाला तर किती क्षेपणास्त्रं सोडशील? तो हसेल. म्हणेल, सगळी, नाहीतर उरलेली जागच्या जागी जातील. बरोबर. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका बंकरमध्ये स्तानिस्लाव पेत्रोव हा सोव्हिएत अधिकारी ड्यूटीवर होता. उपग्रहांकडून इशारा आला : अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडलंय. मग आणखी चार. पेत्रोवने वर कळवलं की यंत्रणा चुकतेय. त्याच्या कारणांपैकी एक तुमचा अकरावीतला मुलगा खेळूनच शिकलाय : युद्ध सुरू करणारा पाचच सोडत नाही. पुढे निघालं ते असं, की उंचावरच्या ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहांना क्षेपणास्त्रांसारखा भासला होता. पेत्रोव २०१७ साली वारला.

राहिला वेळेचा प्रश्न. साधा डाव खेळायला माझी हरकत नाही, वेग वाढवला तर तो लवकर उरकतो. पण यात ‘ऑफिस मोड’ नावाचा प्रकार आहे, तो सहा तासांपर्यंत चालतो. मागे नकाशा चालू आणि पुढे फिजिक्सचं पुस्तक उघडं, असं आरामात जमतं. आम्ही तो पगार घेऊन खेळलोय, त्याला परीक्षा आहे, तेव्हा तो नको. एस्केप दोनदा दाबलं की खेळ पडद्यावरून गायब होतो, हे त्याला ठाऊक असणारच. आता तुम्हालाही आहे.