निगेटिव्ह कंट्रोलच पॉझिटिव्ह आला तर?

प्रश्न: आमच्या आरटी-पीसीआरमध्ये निगेटिव्ह कंट्रोललाही (नमुनाच न टाकलेल्या वेललाही) सीटी 36-37 च्या आसपास, म्हणजे 36-37 व्या चक्राला, सिग्नल येतो. किट बदलावं का?

उत्तर: आधी त्या रनचे निकाल रोखून ठेवा, किटचं नंतर बघू. सिग्नलचा वक्र नीट उघडून पाहा. तो एस-आकाराचा असेल तर बहुधा दूषण. रेघ तिरकी, संथ चढत असेल तर संशय प्रोबवर (सिग्नल देणारा चमकता रेणू). अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये पाठवलेल्या कोविड किटमध्ये दोन वेगळे दोष निघाले होते. एन1 आणि एन3 या किटमधल्या दोन चाचण्या: एन1 च्या मिश्रणात कृत्रिम डीएनए शिरला होता, तर एन3 चे प्रायमर (प्रत बनवणं सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि प्रोब आपसातच जुळत होते.

आता एका वेळी एकच घटक बदला: आधी पाणी, मग मास्टर मिक्स (एन्झाइम वगैरेंचं तयार मिश्रण), मग प्रायमर-प्रोब. दर वेळी किमान 8 निगेटिव्ह वेल्स (प्लेटमधले खळगे) लावा. इतक्या उशिराच्या सीटीला वेलमध्ये जेमतेम एखाद-दोन प्रती असतात, त्यामुळे एकच वेल कोरी आली म्हणून हुरळून जाऊ नका.

सगळं बदलूनही सिग्नल राहिला, तर दोष पिपेट किंवा हूडमध्ये (मिश्रणं बनवायची पेटी). नुसतं स्पिरिट फिरवून डीएनए मरत नाही. ताजं 0.5 टक्के हायपोक्लोराइट 10 मिनिटं ठेवा, मग पाण्याने पुसा. पॉझिटिव्ह कंट्रोलची नळी सर्वांत शेवटी, दुसऱ्या खोलीत उघडा. आणि रन झालेली प्लेट? ती उघडायचीच नाही, ऑटोक्लेव्हमध्येही (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालायची नाही. पिशवीत बंद करून टाका.