मोकळ्या कॅपला भुलू नकोस

मित्रा, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, स्टार देऊन कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) मोकळी केली की नवा स्टार येतोच, असं धरून चालू नकोस. जानेवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या निक्स संघानं आपला स्टार पोरझिंगिस डॅलसच्या संघाला दिला, सोबत हार्डवे या खेळाडूचा लांबलचक करारही खपवला. दोन मोठ्या करारांपुरती जागा झाली. उन्हाळ्यात ड्युरँट आणि अर्व्हिंग हे स्टार न्यूयॉर्कला आले खरे, पण शहरातल्याच दुसऱ्या संघाकडून, ब्रुकलिनकडून खेळायला! निक्सना रँडल मिळाला. तो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गेला, मान्य. पण बेत तो नव्हता. उलट २०२२ मध्ये त्यांनी जागा केली ती जेलन ब्रन्सन हे नाव डोळ्यांसमोर ठेवून, आणि त्याचे वडील तेव्हा निक्सच्याच प्रशिक्षकांच्या ताफ्यात होते. म्हणून ट्रेड झाला की आधी विचार, येणार कोण? नाव नसेल तर मी फक्त हाती आलेले ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या, मोजतो. पोरझिंगिसच्या सौद्यात पहिल्या फेरीचे दोन होते.